स्वस्त व्हॅरिओ भलत्याच वेळी का वाजतो? सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

तक्रार दर वेळी तीच असते. कमी पैशातला व्हॅरिओ (हवेच्या दाबावरून चढ-उतार ओळखून तो आवाजाने सांगणारा सेन्सर) घेतला, रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल ग्लायडरमध्ये बसवला, हातातल्या रेडिओतून पिप-पिप ऐकू आली, जीव सुखावला. पहिल्याच उड्डाणात कळतं की मॉडेल खाली येतंय तेव्हा हा वाजतोय आणि चांगलं चढतंय तेव्हा गप्प बसलाय. मग दुसरा सेन्सर मागवायचा. त्याचंही तेच. मी या फेऱ्यात तीनदा अडकलो. तिसऱ्या वेळी नवीन काही मागवण्याआधी तिन्ही सेन्सर टेबलावर मांडले आणि दोन संध्याकाळी नुसते तपासत बसलो. तिन्ही ठणठणीत होते. दोष बसवण्यात होता, सेटिंगमध्ये होता आणि एका मॉडेलमध्ये तर चक्क उन्हात होता.

म्हणून माझं मत आधीच सांगतो: परवडणारा व्हॅरिओ शोधताना सेन्सरच्या दर्जाची काळजी सर्वात शेवटी करा. तुमचा रिसीव्हर (मॉडेलमधला, रेडिओशी बोलणारा भाग) कोणती भाषा बोलतो आणि सेन्सर मॉडेलमध्ये कुठे बसणार, हे आधी बघा.

मोजायचं आहे ते किती बारीक आहे

समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेलं की हवेचा दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो. एकूण दाब असतो १,०१,३२५ पास्कलच्या आसपास. ग्लायडर थर्मलच्या, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या, कडेवर सेकंदाला अर्धा मीटर चढत असेल तर सेन्सरला सेकंदाला ६ पास्कलचा फरक ओळखायचा असतो, म्हणजे लाखात सहा. हौशी व्हॅरिओंमध्ये सर्रास दिसणारा सेन्सर एमएस ५६११. त्याच्या माहितीपत्रकात सर्वात बारीक मापनालाही एका वाचनाची थरथर (सेन्सर स्थिर असतानाही आकडा हलतो ती) ०.०१२ मिलिबार दिली आहे, म्हणजे १.२ पास्कल, म्हणजेच १० सेंटीमीटर. बीएमपी २८० हा आणखी स्वस्त सेन्सर, पण आतला फिल्टर बंद असतानाही तो साधारण त्याच पंक्तीत बसतो आणि फिल्टर चालू केला की बराच शांत होतो. जुना बीएमपी १८० मात्र बारीक मापनातही ३ पास्कल थरथरतो, म्हणजे पाव मीटर. तो आज फुकट मिळाला तरी घेऊ नका.

ही १० सेंटीमीटरची थरथर ऐकायला किरकोळ वाटते. पण दोन वाचनांमध्ये २० मिलिसेकंदांचं अंतर असेल आणि तुम्ही सरळ भागाकार केलात, तर तीच थरथर सेकंदाला ५ मीटर चढ म्हणून कानावर येते. म्हणून प्रत्येक व्हॅरिओत वाचनं गाळून, सरासरी काढून मगच चढ-उतार सांगितला जातो. गाळणी जितकी दाट, आवाज तितका शांत, पण तितकाच उशिरा. पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या एका तडजोडीत आहे.

घेताना होणारी चूक

सेन्सरचा तीन तारांचा प्लग जवळपास कुठल्याही रिसीव्हरमध्ये जातो. प्लग बसला म्हणजे दोघांचं बोलणं जुळलं, असं मात्र नाही. माझा पहिला व्हॅरिओ असाच वाया गेला. विक्रेत्याच्या जाहिरातीत "सर्व रेडिओंना चालतो" असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो जुन्या पद्धतीची टेलिमेट्री (मॉडेलकडून रेडिओकडे येणारी माहिती) पाठवत होता आणि माझ्या रिसीव्हरला ती कळतच नव्हती. रेडिओवर सेन्सरचा शोध पुन्हा पुन्हा लावला, दर वेळी यादी कोरी. तो सेन्सर बिघडलेला नव्हता, माझ्यासाठी निरुपयोगी होता इतकंच.

स्वस्तात जाण्याच्या मला माहीत असलेल्या वाटा तीन.

तुम्हाला तसाही नवीन रिसीव्हर घ्यायचा असेल, तर व्हॅरिओ आतच असलेला घ्या. एक्स्प्रेसएलआरएस ही रेडिओ-रिसीव्हर जोडणीची मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांसाठी रेडिओमास्टर कंपनीचे ईआर६जीव्ही आणि ईआर८जीव्ही आहेत. फ्रस्काय कंपनीमध्ये जी-आरएक्स६, जी-आरएक्स८ आणि आर्चर मालिकेतले जीआर६, जीआर८. वेगळी तार नाही, वेगळं वजन नाही, भाषेचा प्रश्न नाही. अडचण एकच: रिसीव्हर जिथे बसेल तिथेच सेन्सर बसतो, आणि ती जागा सेन्सरसाठी चांगली असेलच असं नाही.

रिसीव्हर बदलायचा नसेल आणि हातात सोल्डरिंग आयर्न धरता येत असेल, तर ओपनएक्ससेन्सर ही मुक्त प्रणाली बघा. अर्डुइनो प्रो मिनी (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि एमएस ५६११ चा जीवाय-६३ बोर्ड, चार तारा, आणि वरून हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी). फ्रस्काय, जेटी, मल्टिप्लेक्स, हॉट अशा वेगवेगळ्या भाषा ती बोलू शकते. प्रोग्राम चढवण्याआधी आपली निवडायची. मला हीच वाट सर्वात आवडते, कारण गाळणी किती दाट ठेवायची हे आपल्या हातात राहतं. सोल्डर करताना एवढं लक्षात ठेवा की हे सेन्सर ३.६ व्होल्टच्या वर जगत नाहीत. बोर्डवर व्होल्टेज उतरवणारा स्वतःचा रेग्युलेटर आहे का ते पाहूनच ५ व्होल्ट जोडा.

तिसरी वाट म्हणजे घरात पडून असलेला बॅरोमीटरवाला फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनमध्ये असतो तसा उड्डाण सांभाळणारा बोर्ड) त्यावर आयनॅव्ह हे सॉफ्टवेअर चढवून वापरणं. चालतं, पण छोट्या ग्लायडरला तेवढं वजन आणि तारांचा तेवढा गुंता झेपत नाही.

जीपीएसच्या उंचीवरून व्हॅरिओ करायचा विचार मनात असेल तर काढून टाका. जीपीएसची उभी अचूकता या कामाला पुरत नाही.

सुटा बोर्ड घेतला असेल तर तो खरंच सांगितलेला सेन्सर आहे का, हेही पाच मिनिटांत कळतं. अर्डुइनोवरून चिपचा ओळख क्रमांक विचारा. हेक्समध्ये बीएमपी २८० उत्तर देतो ५८, बीएमपी १८० देतो ५५. एमएस ५६११ आणि बीएमपी २८० दोघेही ७६ किंवा ७७ या पत्त्यावर सापडतात, त्यामुळे नुसता पत्ता जुळला म्हणून खात्री धरू नका.

टेबलावरची परीक्षा

मॉडेल उडवण्याआधी सगळं टेबलावर मांडा. खिडक्या, दारं बंद, पंखा बंद. सेन्सर चालू करून पाच मिनिटं तसाच राहू द्या, मगच उंचीचा आकडा बघायला लागा. पहिली काही मिनिटं आकडा हळूहळू सरकतो, कारण बोर्ड स्वतःच तापत असतो. पाच मिनिटांनंतर तो एका जागी, पाव-अर्ध्या मीटरच्या आत डोलत राहिला पाहिजे.

आता सेन्सर जमिनीवरून टेबलावर उचला. पाऊण मीटरचा फरक, म्हणजे ९ पास्कल. चढाचा आवाज यायला हवा, आणि सेन्सर थांबला की आवाजही थांबायला हवा. हे नीट झालं तर तुमचा सेन्सर थर्मल ओळखायला पुरेसा चांगला आहे. याच वेळी कोणी खोलीचं दार जोरात लावलं तर व्हॅरिओ किंचाळेल. घाबरू नका, दार लावताना खोलीतला दाब खरंच बदलतो, म्हणजे तो खरं तेच सांगतोय.

मग रिसीव्हरला सर्व्हो (मॉडेलचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) जोडून रेडिओच्या काड्या जोरजोरात हलवा. सर्व्हो हलताना उंची उड्या मारत असेल तर दोष वीजपुरवठ्यात आहे. सर्व्होंनी करंट खेचला की बीईसीचा (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणाऱ्या भागाचा) व्होल्टेज बसतो आणि सेन्सरचं वाचन त्याच्याबरोबर डुलतं. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर एक मोठा कपॅसिटर लावून बघा, सेन्सरच्या तारा पिळून आखूड करा, आणि रिसीव्हरचा अँटेना सेन्सरच्या अंगावरून जात नाही ना ते पाहा. माझ्या एका मॉडेलमध्ये नुसता अँटेना दोन बोटं बाजूला सरकवल्यावर निम्मी थरथर गेली.

मला सर्वात जास्त छळलेली चूक: ऊन

हे सविस्तर सांगतो, कारण हा दोष इतका हुबेहूब थर्मलसारखा वागतो की भलेभले फसतील.

दोन मीटरचं ग्लायडर, पारदर्शक कॅनोपी (नाकावरचं झाकण), सेन्सर नाकात रिसीव्हरच्या वर चिकटवलेला. घिरट्या घालताना व्हॅरिओ प्रत्येक फेरीत एकाच बाजूला वाजायचा. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला उतार: थर्मलचा मध्य बाजूला राहिला की नेमकं असंच होतं. मी शिकल्याप्रमाणे वाजणाऱ्या बाजूला फेरी सरकवायचो. मॉडेल तरीही खालीच यायचं, आणि सरकवलेल्या फेरीतही व्हॅरिओ पुन्हा त्याच बाजूला वाजायचा. त्या बाजूला म्हणजे कुठे, तर मॉडेलचं नाक जिथे सूर्यापासून वळायचं तिथे. ढग आला त्या दिवशी ही खोड गायब झाली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

एमएस ५६११ च्या झाकणाला भोकं असतात, दाब आत पोहोचावा म्हणून. त्यातून प्रकाशही आत जातो आणि सिलिकॉनवर पडून वाचन बिघडवतो. टेबलावर खात्री करणं सोपं आहे: अंधाऱ्या खोलीत सेन्सरवर प्रखर टॉर्च धरा, विझवा, धरा, विझवा. उंची त्याबरोबर उडी मारत असेल तर हेच तुमचं दुखणं. शिवाय प्रकाशाबरोबर उष्णताही येते, तिचा परिणाम मागून, सावकाश दिसतो.

उपाय दोन मिनिटांचा. उघड्या छिद्रांचा काळा स्पंज सेन्सरवर ठेवा आणि कडेने चिकटवा. भोकावर गोंद, टेप किंवा बंद पेशींचा फोम अजिबात नको, हवा आत-बाहेर जायला हवी. पूर्ण बोर्ड हीटश्रिंकमध्ये घालणार असाल तर दोन्ही टोकं उघडी ठेवा. याच स्पंजामुळे आतल्या वाऱ्याचे झटकेही कमी होतात, त्यामुळे प्रकाशाचा त्रास नसलेल्या मॉडेलमध्येही मी तो लावतोच.

फ्यूजलाजमधला (मॉडेलच्या धडातला) वारा

वारा नाकावर आदळून जो दाब तयार करतो तो सेकंदाला १५ मीटर वेगाला सुमारे १३८ पास्कल असतो, म्हणजे साडेअकरा मीटर उंचीएवढा. कॅनोपीच्या फटीतून किंवा थंड हवेसाठी ठेवलेल्या भोकातून त्याचा दहावा हिस्सा जरी आत साचला, तरी वेग बदलला की उंचीचा आकडा मीटरभर सरकतो. मॉडेल वेगात गेलं की व्हॅरिओ खोटा उतार दाखवतो, मंदावलं की खोटा चढ.

वारा नसलेल्या सकाळी हे पकडता येतं. डोळ्यांच्या पातळीवरून, त्याच उंचीवरून, एकदा सावकाश आणि एकदा वेगात मॉडेल न्या आणि रेडिओने साठवलेल्या नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, उंची बघा. दोन्ही फेऱ्यांत फरक दिसला तर आतला दाब वेगाबरोबर बदलतोय. सेन्सर नाकातून काढून पंखाच्या मागे, कोरड्या, शांत कप्प्यात न्या. कॅनोपीची पुढची फट पातळ टेपने बंद करा. मोटर असेल तर हवा आत यायला भोक लागतंच; मग सेन्सर आणि ते भोक यांच्यामध्ये स्पंजाची भिंत घाला.

इथे मोटरवाल्यांसाठी एक गोष्ट: सेन्सर मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरच्या किंवा बॅटरीच्या शेजारी ठेवू नका. चढाई संपवून मोटर बंद केली की कंट्रोलर गार व्हायला लागतो, सेन्सरचं तापमान सरकतं, आणि बरोबर थर्मल शोधायला सुरुवात करता त्याच वेळी आकडे घसरत असतात.

हाताने तयार केलेला चढ

वरचं सगळं निस्तरलं तरी एक चढ राहतोच, आणि तो खोटा नसतो. एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणारी) काडी ओढली की मॉडेल वेग खर्चून उंची घेतं. हिशोब सरळ आहे: सेकंदाला १५ मीटर वेगाची ऊर्जा साडेअकरा मीटर उंचीएवढी, १० मीटर वेगाची ५ मीटर. म्हणजे १५ वरून १० वर आलात तर साडेसहा मीटर उंची तुमच्या अंगठ्याने मिळवली, हवेने नाही. साधा व्हॅरिओ दोन्हींत भेद करू शकत नाही.

मोठ्या ग्लायडरमध्ये यासाठी एकूण ऊर्जेची नळी वापरतात. शेपटीच्या उभ्या पंखातून पुढे काढलेली बारीक नळी, तिच्या भोकावर वाऱ्याच्या दाबाइतकीच उलटी ओढ तयार होते आणि वेग-उंचीची अदलाबदल सेन्सरपुरती पुसली जाते. स्वस्त बोर्डला ही नळी लावता येते, पण त्यासाठी सेन्सरभोवती हवाबंद डबी करावी लागते आणि नळीत सुईच्या अग्राएवढी गळती असली तरी सगळं फुकट. जीपीएस ट्रँगल या स्पर्धेतल्यासारखी वेगवान, मोठी मॉडेल्स उडवणाऱ्यांनी तो खटाटोप करावा. हळू उडणाऱ्या दोन-तीन मीटरच्या ग्लायडरला त्याची घाई नको. तिथे हात शांत ठेवणं पुरतं: पिप ऐकू आली की काडी सोडा, दोन-तीन सेकंद वेग तोच राहू द्या. आवाज टिकला तर हवा चढतेय. हातातला असेल तर तेवढ्यात विरून जातो.

उशीर

आता गाळणीच्या तडजोडीकडे येतो. समजा ३० मीटर व्यासाची घिरटी, वेग सेकंदाला ९ मीटर. एक फेरी साडेदहा सेकंदांची. व्हॅरिओ दीड सेकंद उशिरा बोलत असेल तर आवाज येईपर्यंत मॉडेल साडेतेरा मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे फेरीत ५० अंश. तुम्ही आवाज ऐकून ज्या बाजूला सरकता, चांगली हवा त्याच्या ५० अंश मागे असते. "व्हॅरिओ वाजतो पण थर्मलचा मध्य सापडत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

उशीर मोजायला फोन पुरतो. रेडिओ शेजारी ठेवा, मॉडेल झटकन मीटरभर उचला, आणि व्हिडिओत उचलल्यापासून आवाजापर्यंतचा वेळ बघा. मला एका सेकंदाच्या आतला उशीर चालतो, त्याहून जास्त नको.

हा उशीर दोन ठिकाणांहून येतो. एक सेन्सरमधली गाळणी. ओपनएक्ससेन्सरमध्ये ती हलकी करता येते, थोडी कुरकुर सहन करा. दुसरं ठिकाण पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही: रेडिओची परतीची वाट. एक्स्प्रेसएलआरएसमध्ये २५० हर्ट्झला (सेकंदाला २५० खेपा) टेलिमेट्रीचं प्रमाण १:६४ ठेवलं, म्हणजे ६४ खेपांत एक परतीची, तर परतीच्या खेपा सेकंदाला जेमतेम चार होतात, आणि व्हॅरिओचा एक निरोप पुष्कळदा एका खेपेत मावत नाही. प्रमाण १:१६ केलं की खेपा पंधराच्या वर जातात. माझ्या एका मॉडेलमध्ये "सेन्सर आळशी आहे" हा निष्कर्ष मी महिनाभर धरून बसलो होतो. हे एक सेटिंग बदललं आणि त्याच सेन्सरचा आवाज हाताबरोबर चालायला लागला. फ्रस्कायच्या तारेवर एकाहून जास्त सेन्सर असतील तर दोघांना एकच ओळख क्रमांक दिलेला नाही ना, हे बघा. तसं असेल तर आकडे अडखळतात किंवा मधूनच गायब होतात.

रेडिओतली सेटिंग

रेडिओत एजटीएक्स किंवा ओपनटीएक्स हे सॉफ्टवेअर असेल तर मॉडेलच्या टेलिमेट्रीच्या पानावर व्हॅरिओसाठी स्रोत म्हणून उंची नव्हे, उभा वेग निवडा. विशेष कार्यांमध्ये व्हॅरिओ एका स्विचवर चालू करावा लागतो. ते राहिलं तर आकडे दिसतात पण आवाज येत नाही, आणि लोक सेन्सरला दोष देतात.

आवाजाची मूळ कक्षा सेकंदाला उणे १० ते अधिक १० मीटर असते. ग्लायडरसाठी ती फार रुंद आहे. अर्धा मीटर आणि दीड मीटर चढ यांच्या सुरांत कानाला फरकच जाणवत नाही. मी उणे ३ ते अधिक ३ ठेवतो.

मधला शांत पट्टा, म्हणजे ज्या आकड्यांना व्हॅरिओ गप्प राहतो तो, याहून महत्त्वाचा. हलकं थर्मल ग्लायडर स्थिर हवेतही सेकंदाला ०.४ ते ०.५ मीटर खाली येतच असतं. व्हॅरिओ उणे ०.१ दाखवतोय याचा अर्थ हवा वर चढतेय, फक्त मॉडेलला पुरतं उचलण्याइतकी नाही. पट्टा शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा ठेवलात तर ही सगळी अर्धीमुर्धी हवा तुम्हाला कधी ऐकूच येणार नाही, आणि सकाळची पहिली थर्मल्स नेमकी अशीच असतात. आधी स्थिर हवेत आपलं मॉडेल किती वेगाने खाली येतं ते लॉगमधून काढा. चढाचा सूर त्याच्या थोडा वर, उदाहरणार्थ उणे ०.२ पासून, सुरू करा. उताराचा सूर मी उणे १ च्या खालीच ठेवतो, नाहीतर सारखी रड ऐकून कान किटतात.

स्पर्धेत उतरणार असाल तर सेन्सर लावण्याआधी त्या गटाचे नियम वाचा. एफ३के (हाताने फेकायची ग्लायडर) आणि एफ५जे (मोटरवाली थर्मल ग्लायडर) या गटांत मॉडेलमधून चढ-उताराची माहिती पायलटला पाठवायला परवानगी नाही, त्यामुळे अंगात व्हॅरिओ असलेला रिसीव्हर वापरताना ती टेलिमेट्री बंद करून ठेवावी लागते.

पहिलं तपासणीचं उड्डाण मी वारा नसलेल्या सकाळी, ऊन तापायच्या आत करतो. शंभर मीटरवर जायचं, काड्या सोडायच्या, सरळ जाऊ द्यायचं. व्हॅरिओ उणे अर्ध्याच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे. मग उजवी फेरी, मग डावी. दोन्हीकडे उतार जवळपास सारखा आला आणि आवाज कुठल्याच एका दिशेला चिकटून राहिला नाही, तर दुपारी तो जे सांगेल त्यावर मी फेरी सरकवतो.